आवाज न करता पाण्यात खेळायचे खेळ

आधीच माफी मागून घेतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, ती परत काही धरता आली नाही. त्यामुळे पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, यात माझा अजून गोंधळ होतो. शब्दही साधेच येतात मला. भारी काही वाचायला मिळेल म्हणून कोणी बसलं असेल, तर तसं इथं काही नाही.

किस्से मात्र आहेत. चंद्रपूरच्या वाघाच्या जंगलाला लागून एक रिसॉर्ट आहे, तिथला स्विमिंग पूल मी सांभाळतो. रोज सकाळी जाळी घेऊन पुलातली पानं काढतो. सागाची, मोहाची, बांबूची. संध्याकाळी बघावं तर तेवढीच परत पडलेली! किस्स्यांचं असंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही, आपोआप पडतात आणि साचतात. पानं निदान कुंपणाबाहेर फेकता येतात. किस्से कोणाला सांगायचे? रोज ऐकणारं असं मला कोणी नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू.

*

माझं गाव आरमोरीकडचं. धानाला पाणी द्यायला आमच्याकडे छोटं तळं बांधतात, त्याला बोडी म्हणतात. गावातली पोरं त्या बोडीत ढकलली जातात आणि पोहतच बाहेर येतात. तेवढंच माझं ट्रेनिंग!

नोकरीसाठी आलो तेव्हा मॅनेजर लाखेसाहेबांनी मला समोर उभं केलं.

"पोहता येते?"

मी मान हलवली.

"लहान पोट्टे सांभाळता येते?"

मी परत मान हलवली.

"अबे, बोलता येते का नाई?"

मी खाली बघितलं. आता गेली नोकरी, असं वाटलं. साहेब एकदम खूश!

"असाच मानूस पाहिजे होता मले!"

मला वाटलं, चेष्टा करून राहिले. पण तसं नव्हतं. पुलाच्या एका बाजूला खोल्या आहेत. पाहुणे पहाटे उठून सफारीला जातात आणि आल्यावर झोपतात. दुसऱ्या बाजूला तारेच्या कुंपणापलीकडे पाणवठा आहे. तिथं जनावरं पाण्यावर येतात आणि जे झोपले नाहीत ते पाहुणे व्हरांड्यात दुर्बीण घेऊन बसतात. मधोमध पूल. आणि पुलात पोरं! एक पोरगं किंचाळलं की इकडे माणूस उठतो आणि तिकडे सांबर पळतं.

साहेबांनी मला हिशोब समजावला. "आवाज झाला का जनावर पळते. जनावर पळालं का पावना पळते. पावना पळाला का मालक मले पळवते. समजलं?"

माझ्या आधी जो होता, त्याला शिट्टी वाजवायची सवय होती. तो शिट्टीसकट गेला.

तर माझ्यावर अट अशी: दुपार कलल्यावर एक तास मुलांचा. तक्रार आली की तो तास कायमचा बंद, आणि मी मागच्या शेतातल्या पंपावर. त्या पंपावर मी सुरुवातीचे काही दिवस काढले होते. तिथं बोलायला फक्त मोटार आहे, आणि तीही लाइट असली तरच!

लोकांना वाटतं, लाजाळू माणसाला एकटं राहायला आवडतं. तसं नसतं. त्याला फक्त सुरुवात करता येत नाही. पोरांचं बरं असतं, ती स्वतःच सुरुवात करतात. ओळख ना पाळख, ओला हात धरतात आणि म्हणतात, "चल, तू माझ्याकडून." म्हणून तो तास मला हवा होता. काहीही करून.

*

आता पोरांना पाण्यात टाकायचं आणि आवाज करू द्यायचा नाही, हे कसं जमायचं?

मी डोकं लावून पहिला खेळ काढला, मासळी. सगळ्यांनी मासे व्हायचं. मासा बोलत नाही. पाण्याखालून एकमेकांच्या पायांमधून निघायचं, चेंडू पुढे ढकलायचा, पकडापकडी करायची, पण तोंडातून आवाज आला की तो मासा मेला. मेलेल्यानं पायऱ्यांवर जाऊन बसायचं. शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. खोल पाणी सुरू होतं तिथं दोरी बांधली आहे, त्या दोरीपलीकडे कोणी जायचं नाही.

पहिल्या दिवशी नागपूरची दहा-बारा पोरं होती. खेळ सुरू झाला आणि एकाच्या बगलेत दुसऱ्याचं बोट गेलं. तो हसला, त्याला बघून तिसरी हसली. बघता बघता अख्खा पूल रिकामा आणि सगळे मासे पायऱ्यांवर! आणि मेल्यावर गप्प बसायचं हा नियम मी केलाच नव्हता. एवढा कल्ला झाला की लाखेसाहेब ऑफिसातून धावत आले.

"हे काय चालू आहे? काय झालं?"

एक ढेरपोट्या मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "काही नाही अंकल. आम्ही सगळे मेलो!"

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला मोटारीचा आवाज ऐकू यायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. हसू आलं तर दाबायचं नाही. डोकं पाण्यात घालायचं आणि तिथं हसायचं. बुडबुडे चालतात! तेव्हापासून आमच्या पुलाला कोणी लांबून बघितलं तर त्याला वाटेल, खाली कोणीतरी चूल पेटवली आहे आणि पाणी उकळून राहिलं आहे.

*

दुसरा खेळ खजिन्याचा. तळाशी काहीतरी टाकायचं आणि पोरांनी बुडी मारून वर आणायचं. गोटे टाकले तर फरशी फुटते, म्हणून मी स्वयंपाकघरातून स्टीलचे चमचे आणायचो. स्वयंपाकघर शेवंताबाईंचं. बाई जवळच्याच गावच्या, मनानं चांगल्या, पण चमच्यांच्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"नेले तेवढे आन. एक जरी कमी आला, तं तुले हातानं वरन जेवा लागन."

"हातानंच जेवतो ना बाई."

"मंग भाजी नाई देत!"

एकदा एक छोटी मुलगी बुडी मारून वर आली. तिच्या मुठीत चमचा नव्हता. काहीतरी गुलाबी, पांढरं. तिनं ते उंच धरलं आणि माझ्या कानाला तोंड लावून हळूच विचारलं, "दादा, ह्याला किती पॉइंट?"

ती कवळी होती! पूर्ण, वरची.

चौकशी केली तर सात नंबरच्या खोलीतल्या आजोबांची निघाली. आदल्या दिवशी पुलात त्यांना शिंक आली होती म्हणे. लाजेपायी कोणाला सांगितलं नाही. जेवायला नुसतं वरण मागवत होते आणि कोणी काही विचारलं तर हात जोडून हसायचे, तेही तोंड बंद ठेवून.

आणि लाखेसाहेब कालपासून सगळ्या पाहुण्यांना त्यांचंच उदाहरण देत होते. "शांतता कशी पाळा लागते, ते सात नंबरवाल्या आजोबांकडून शिका!"

*

पोरांशी मी हातानंच बोलतो. दोन बोटं म्हणजे जोडी करा. मूठ म्हणजे थांबा. तळहात खाली म्हणजे हळू. पुण्याच्या एका ग्रुपनं माझं नावच ठेवलं, म्यूट दादा. मला ते आवडलं. नाव ठेवायला आधी बघावं तर लागतं!

पण सवय लागली. आता आईचा फोन आला की ती विचारते, "जेवलास का रे बापू?"

मी गप्प.

"तब्येत बरी हाय ना?"

मी गप्प. ती थोडा वेळ थांबते आणि ओरडते, "मान हालवू नोको, मले दिसत नाई!"

*

स्टॅच्यूचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

स्टॅच्यू सगळ्यांना माहीत आहे. मूठ दाखवली की जसे आहात तसे थांबायचं. पाण्यात ते फार अवघड असतं, कारण पाणी आपल्याला हलवतं. पण ब्रह्मपुरीचा एक ग्रुप आला होता, त्यातली पोरं त्या खेळात वस्ताद. कमरेएवढ्या पाण्यात एक हात वर, एक पाय मागे, अशी मिनिटं मिनिटं उभी राहायची.

त्या दिवशी सगळे असेच उभे होते आणि बागेच्या बाजूनं, बांबूमधून, एक भेकर आलं. भेकर म्हणजे फार भित्रं हरीण. पान पडलं तरी पळतं. ते पुलाच्या काठापर्यंत आलं, मान खाली केली आणि फरशीवर सांडलेलं पाणी प्यायला लागलं. अगदी जवळच्या मुलीचा हात पुढे केलेलाच होता. तिनं बोट सरळ केलं असतं तर नाकाला लागलं असतं. तिनं केलं नाही. कोणीच काही केलं नाही. पाण्यावर एक रेघसुद्धा उमटली नाही.

भेकर पोटभर प्यायलं आणि गेलं.

रात्री जेवताना पोरांनी सांगितलं तर मोठे ऐकायलाच तयार नाहीत. एकाचे वडील म्हणाले, "आम्ही पहाटे चारला उठून, जिप्सीत हाडं मोडून घेतली तरी मोर दिसला फक्त. आणि तुमच्यासमोर भेकर येऊन पाणी पिऊन गेलं? फेकू नका रे!"

पण मनात बसलं असणार. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तासाला बघतो तर पुलात सगळे बाप! आठ-दहा जण, छातीएवढ्या पाण्यात, पोटं आत ओढून, बांबूकडे डोळे लावून, हात अधांतरी. मुलं काठावर बसलेली. मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून मीही मूठ दाखवून उभा राहिलो.

भेकर आलं नाही. शेवंताबाई ताकाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी एकदा त्या पुतळ्यांकडे बघितलं, ट्रे तसाच उचलला आणि मागे फिरल्या. ऑफिसात जाऊन साहेबांना म्हणाल्या, "सायेब, डाक्टरले फोन लावा. पावने झटका आल्यावानी करून राह्यले!"

*

विष-अमृतचा किस्सा मात्र हसायचा नाही. म्हणजे शेवंताबाई हसल्या, मी नाही.

विष-अमृत आपण सगळेच खेळलो आहोत. ज्याच्यावर डाव आहे त्यानं शिवलं की आपल्याला विष चढतं, जागीच उभं राहायचं. आपल्यातल्या कोणी येऊन अमृत दिलं की सुटका. आमच्या पुलात ओरडायचं नसल्यानं अमृत म्हणजे ओंजळभर पाणी डोक्यावर ओतायचं.

पुण्याचा एक पार्थ म्हणून मुलगा होता, सहा-सात वर्षांचा. त्याला विष चढलं आणि तेवढ्यात संध्याकाळच्या नाश्त्याला पोहे झाल्याचा निरोप आला. पोरं पाण्यातून उडी मारून पळाली. मी टॉवेल गोळा केले, चेंडू गोळा केले, आणि वळून बघतो तर हा तसाच उभा! ओठ निळे पडलेले, दात वाजत होते.

मी हातानं खूण केली, चल बाहेर. त्यानं डोळ्यांनीच नाही म्हटलं. मग मी पाण्यात उतरलो आणि ओंजळ भरून त्याच्या डोक्यावर ओतली.

तो हललाच नाही. म्हणाला, "दादा, तुम्ही खेळात नाही आहात. तुमचं अमृत चालणार नाही."

"चालते रे."

"नाही चालत. विचारा कोणालाही."

शेवटी मी ओल्या कपड्यांनी जेवणघरात गेलो. त्याच्या बहिणीला बोलावून आणलं. तिच्या तोंडात पोहे, हातात लिंबाची फोड. तिनं त्याच्या डोक्यावर पाणी टाकलं, आणि तो असा सुटला की मला काठावर धक्का देऊन पोह्यांकडे पळाला!

शेवंताबाईंना सांगितलं तर त्या हसून हसून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पोट्ट्याचं बराबरच हाय. तू काई खेळात हाईस का?"

"मी तर खेळवतो बाई."

"खेळवनारा येगळा, खेळनारा येगळा. तू काऊन खेळत नाई त्यायच्यात?"

"मले कोनी घेतलं तं खेळीन ना."

बाई उठल्या आणि पातेल्याकडे वळल्या. त्या दिवशी भाजी जास्त वाढली.

*

एक अगदी छोटा.

ग्रुप दोन रात्री राहतो आणि तिसऱ्या दिवशी जातो. पहिल्या दिवशी नावं कळतात, दुसऱ्या दिवशी दोस्ती होते, तिसऱ्या दिवशी बस लागते. मी गेटापाशी जाऊन उभा राहतो. बस एसी असते, काचा बंद. आत बसल्यावर पोरांना आवाजाची मनाई नसते. सगळी काचेला नाक लावून माझ्याकडे बघून जीव खाऊन काहीतरी ओरडत असतात.

गेटवर चौकीदार मडावीभाऊ असतात. एकदा त्यांनी विचारलं, "काय म्हनून राह्यले रे ते?"

म्हटलं, "मले काय मालूम भाऊ. मी बी हात हालवतो."

*

आता शेवटचा. हा मी अजून कोणालाच नीट सांगितलेला नाही.

या उन्हाळ्यात नागपूरच्या एका कॉलनीतली सात-आठ कुटुंबं आली होती. त्यांच्यात रिद्धी नावाची मुलगी होती. आठेक वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. बाकीची पोरं पुलात गप्प आणि बाहेर दंगा. ही बाहेरही गप्प. जेवणाच्या रांगेत मागे राहायची आणि पोळी हवी असली तरी मागायची नाही, नुसतं ताट पुढे करायची. मला ती लगेच ओळखू आली. म्हणजे पाहिली नव्हती कधी, पण ओळखू आली.

मासळीत तिला कोणी हरवू शकलं नाही. गुदगुल्या करा, तोंडावर पाणी मारा, बेडूक दाखवा, हिच्या तोंडातून हूं नाही. दोन दिवस प्रत्येक डाव तिनंच जिंकला. कॉलनीतली पोरं, जी तिला कधी खेळात घेत नव्हती, ती भांडायला लागली, "रिद्धी आमच्याकडून! रिद्धी आमच्याकडून!" लाखेसाहेबांनी तर सगळ्या पाहुण्यांसमोर तिला चॉकलेट दिलं. ती लाल झाली, पण खूश होती. ते चॉकलेट तिनं खाल्लं नाही. पुलावर येताना हातात घेऊन यायची आणि टॉवेलावर ठेवायची, सगळ्यांना दिसेल असं.

दुसऱ्या दिवशीचा तास संपत आला होता. पायऱ्यांवर बसलेल्या दोन मेलेल्या माशांची चेंडूवरून मारामारी सुरू झाली. मी त्यांच्याकडे गेलो, दोघांना लांब केलं, बोटांनीच दम दिला. व्हरांड्यातले लोक सगळे उभे होते, कारण पाणवठ्यावर मोठ्या शिंगांचं सांबर आलं होतं. सगळ्यांची तोंडं तिकडे.

मी वळलो आणि पाण्यात एक डोकं कमी होतं.

दोरीच्या पलीकडे एक हात दिसला. बोटं उघडायची, मिटायची. पाणी मात्र शांत. मी उडी मारली. खाली तिचा चेहरा दिसला. डोळे सताड उघडे, आणि ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले. पकड चुकवताना दोरीखालून पलीकडे निघाली होती ती, मला नंतर तिनंच सांगितलं. एकदा वर आली, हवा घेतली आणि तोंड मिटून परत खाली गेली.

मी तिला काठावर आणलं, पालथं धरलं. पाणी निघालं. तिला खोकला आला, तर तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आवाज बाहेर पडू नये म्हणून. मी तिचे हात ओढून काढतो, आणि ती परत दाबते! अंगात एवढी ताकद कुठून आली होती तिच्या, काय माहीत.

तिची आई धावत आली. टॉवेलात गुंडाळलं, छातीशी धरलं, रडली, मग चिडली. "अगं, आवाज द्यायचा ना! दादा इथंच तर होते. एक आवाज नाही देता आला तुला?"

रिद्धी म्हणाली, "मग मी आउट झाली असती."

तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं.  मला मानसुद्धा हलवता आली नाही.

थोड्या वेळानं लाखेसाहेब आले. मुलीची चौकशी केली, गरम दूध पाठवायला सांगितलं, डॉक्टरला फोन लावला, सगळं नीट केलं. मग मला बाजूला घेतलं आणि पाठीवर हात ठेवला. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवायची ही पहिलीच वेळ.

"लय मोठं काम केलं तू. पोरगी वाचवली. आन एवढं सगळं झालं, पन आवाज नाई! ते सांबर शेवटपर्यंत उभं होतं, पावने खूश हायेत. तुझा तास पक्का. पुढच्या सीझनलेही तूच."

दोन वर्षांत मला जे एक हवं होतं, ते साहेबांनी असं देऊन टाकलं. संध्याकाळी शेवंताबाईंनी ताट वाढलं. मी तसंच झाकून ठेवलं. त्या म्हणाल्या, "जेव रे." मग परत म्हणाल्या, "जेव ना रे बाबू." आणि बाजूला बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लोकांची बस होती. जाण्याआधी पोरांनी शेवटची एक डुबकी मागितली, साहेबांनी दिली. सफारीवाले नुकतेच येऊन झोपले होते. पाणवठ्यावर चितळांचा कळप होता. पोरं ओळीनं पायऱ्यांवर उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत. रिद्धी पाण्यात उतरली नाही. काठावर आईचा हात धरून उभी होती. पण आली होती.

मी हात खाली ठेवले आणि तोंडानं सांगितलं, "आज नवा खेळ आहे. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडेल, तो जिंकला."

कोणी हललं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मग ऑफिसच्या दाराकडे. एकानं हळूच विचारलं, "दादा, ही ट्रिक आहे ना? जो ओरडेल तो आउट?"

"नाही."

तरी कोणी तोंड उघडेना. मग मी पाण्यात उतरलो, छातीपर्यंत. धानात रानडुकरं शिरली की आमच्याकडे बांधावर उभं राहून एक हाळी देतात, ती शेजारच्या गावापर्यंत जाते. गाव सोडल्यापासून मी ती दिली नव्हती. येईल की नाही, तेही माहीत नव्हतं. श्वास भरला, डोळे मिटले आणि दिली.

"हाऽऽऽ होऽऽऽ हुर्रऽऽऽ!"

वानरं झाडाझाडांतून खेकसायला लागली. चितळं उधळली, कुंपणापलीकडे नुसती धूळ. खोल्यांचे पडदे एकामागून एक सरकले. स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. लाखेसाहेब एकाच पायात चप्पल घालून धावत आले, पुलाच्या काठावर थांबले आणि सगळ्या पोरांवरून नजर फिरवली.

"कोन ओरडलं? कोन ओरडलं इथी?"

मी पाण्यातून हात वर केला.

"तू?"

"हो साहेब, मी," म्हटलं. मग काठाकडे वळलो आणि म्हटलं, "रिद्धी, आता तुझी पाळी."